फ्लॅट, स्क्रग्ज आणि ‘फॉगी माउंटन बॉइज’ : एका माणसाच्या शैलीची परंपरा कशी झाली?

मूळ लेख : षड्जपंचम

अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत घडलेल्या ब्लूग्रास या तंतुवाद्यप्रधान संगीतप्रकाराचा विषय निघाला की पहिले नाव बिल मनरो यांचे घेतले जाते आणि ते योग्यच आहे. केंटकी राज्यातल्या रोझीन या खेड्यात १९११ साली जन्मलेल्या या मँडोलिनवादकाने राज्याच्या टोपणनावावरून आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हे नाव दिले, १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात स्थान मिळवले आणि पुढे साऱ्या संगीतप्रकारालाच त्या वाद्यवृंदाचे नाव चिकटले. तरीही माझे मत असे आहे की मनरो यांनी घडवली ती त्यांची स्वतःची शैली होती. तिची परंपरा झाली ती त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या दोघांमुळे. लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांनी १९४८ मध्ये उभा केलेला ‘फॉगी माउंटन बॉइज’ हा वाद्यवृंद १९६९ पर्यंत टिकला. त्या काळात डोंगराळ दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत ऐकले जाणारे हे संगीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि चित्रपटात जाऊन पोहोचले.

दोघेही गरीब घरांतले आणि गिरणीत काम केलेले. फ्लॅट यांचा जन्म १९१४ मध्ये टेनेसीतल्या ओव्हर्टन परगण्यात झाला. स्क्रग्ज त्यांच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी लहान. उत्तर कॅरोलिनातल्या फ्लिंट हिल या वस्तीत १९२४ मध्ये जन्मलेले, चौथ्या वर्षी वडील गमावलेले आणि महायुद्धाच्या काळात शेल्बी येथील सुताच्या गिरणीत राबलेले. फ्लॅट १९४५ मध्ये मनरो यांच्याकडे गिटार वाजवू आणि गाऊ लागले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्क्रग्ज तिथे रुजू झाले. त्यांच्या आधी त्या वाद्यवृंदात बँजो होता, पण तो ‘स्ट्रिंगबीन’ या नावाने प्रसिद्ध असलेले विनोदवीर डेव्हिड एकमन जुन्या पद्धतीने वाजवत असत. त्या काळी बँजोवादकाने लोकांना हसवावे अशीच अपेक्षा असे. स्क्रग्ज मात्र गंभीर चेहऱ्याने उभे राहत आणि तीन बोटांनी स्वरांचा असा अखंड वर्षाव करत की श्रोते वाद्याकडेच पाहत राहत.

मनरो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) चबी वाइज आणि बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर हॉवर्ड वॉट्स या पाच जणांनी १९४६ आणि १९४७ मध्ये शिकागोत कोलंबिया कंपनीसाठी जे ध्वनिमुद्रण केले, त्यालाच बहुतेक अभ्यासक या शैलीचा पहिला पूर्ण आविष्कार मानतात. पण सततचा प्रवास आणि तुटपुंजा मोबदला यांना कंटाळून फ्लॅट व स्क्रग्ज १९४८ च्या आरंभी बाहेर पडले. थोड्याच अवधीत दोघांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि कार्टर कुटुंब या आधीच्या पिढीतल्या गायकवृंदाच्या एका जुन्या गाण्यावरून त्याचे नाव ठेवले. टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल गावातल्या रेडिओ केंद्रावर त्यांचा जम बसला. मर्क्युरी कंपनीसाठी त्यांनी २८ गाणी व धून ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतलीच एक, डिसेंबर १९४९ मध्ये सिनसिनाटीत मुद्रित झालेली ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’, आज बँजोची ओळख ठरली आहे. १९५० च्या अखेरीस ते कोलंबियाकडे गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

मनरो यांनी हे बाहेर पडणे विश्वासघात मानले आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ते या दोघांशी बोलले नाहीत. या वैराची हकिकत सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र तिच्याआड राहिलेली गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : एकाच घडणीचे संगीत वाजवणारे दोन स्वतंत्र वाद्यवृंद एकाच वेळी अस्तित्वात आले, तेव्हाच ऐकणाऱ्यांना ‘हा एक प्रकार आहे’ असे म्हणता आले. जाणकारांनी यावर आपले मत अवश्य मांडावे, विशेषतः बँजोच्या वादनतंत्राबद्दल कोणी सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

प्रतिसाद : रेडिओवेडा

लेख मनापासून आवडला, परंतु मुख्य प्रतिपादन मला पूर्णपणे मान्य नाही. मनरो यांची शैली इतरांनी उचलण्याची सुरुवात फ्लॅट-स्क्रग्ज यांच्यापासून झाली असे म्हणता येणार नाही, कारण त्याच सुमारास व्हर्जिनियातले स्टॅन्ली बंधू तेच करत होते. मनरो ‘मॉली अँड टेनब्रुक्स’ हे शर्यतीच्या घोड्यांवरचे गाणे कार्यक्रमांत गात असत. त्यांनी १९४७ मध्ये मुद्रित केलेली तबकडी बाजारात येण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, स्टॅन्ली बंधूंची जवळजवळ तशीच तबकडी ‘रिच-आर-टोन’ या छोट्या कंपनीने काढली. पुढे कोलंबियाने स्टॅन्ली बंधूंशी करार केला, तेव्हा मनरो संतापून ती कंपनीच सोडून गेले. शैलीचा प्रसार रेडिओमुळे होणारच होता. दक्षिणेतल्या कित्येक तरुणांनी शनिवारी रात्री ऑप्री ऐकून स्क्रग्ज यांची बोटे कशी चालत असतील याचा अंदाज बांधायला १९४६ मध्येच सुरुवात केली होती.

शिवाय फ्लॅट आणि स्क्रग्ज हे स्वतः मनरो यांच्याच हाताखाली तयार झाले, हेही विसरता येत नाही. द्रुत लय, उंच पट्टीतले टोकदार गायन, वाद्यांनी आळीपाळीने पुढे येऊन एकेक फेरी वाजवण्याची पद्धत आणि या सगळ्यामागची शिस्त मनरो यांची होती. मूळ पुरुषाचे श्रेय किंचितही कमी होता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद : तंतुवाद्य

बँजोच्या तंत्राबद्दल विचारले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाद्याची मूळ रचना समजल्याशिवाय स्क्रग्ज यांनी काय केले ते कळत नाही.

पाच तारांच्या बँजोत चार तारा पूर्ण लांबीच्या असतात आणि पाचवी आखूड असते. तिची खुंटी मानेच्या मध्यावर बाजूला बसवलेली असते. ही तार डाव्या हाताने सहसा दाबली जात नाही; उजव्या हाताचा अंगठा तिला अधूनमधून छेडत राहतो आणि एकच उंच स्वर गुंजत राहतो. सतार जवळून पाहिलेल्यांना इथे चिकारीची आठवण होईल. स्क्रग्ज वापरत ती नेहमीची जुळणी आपल्या भाषेत सांगायची तर पाचव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत तार षड्ज, मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम अशी होते. म्हणजे एकही तार न दाबता हात फिरवला तरी एक भरलेला स्वरसमूह वाजतो.

जुन्या पद्धतीत नखाच्या पाठीमागून तार मारून अंगठ्याने पाचवी तार छेडत असत. उत्तर कॅरोलिनाच्या पश्चिम भागात मात्र तीन बोटांनी वाजवण्याची रीत आधीपासून होती आणि स्नफी जेन्किन्स यांच्यासारखे वादक ती रेडिओवर वाजवतही असत. स्क्रग्ज त्याच मातीतले होते, त्यामुळे तीन बोटे वापरणे हा त्यांचा शोध नव्हे. त्यांनी जे साधले ते ओघ आणि मांडणीच्या बाबतीत. अंगठ्यात प्लास्टिकची, तर्जनीत आणि मधल्या बोटात धातूची नखी घालून अंगठा, तर्जनी, मधले बोट असा क्रम फिरवला की तीन स्वरांची एक फेरी होते. आठ स्वरांच्या मापात अशा दोन फेऱ्या बसतात आणि दोन स्वर उरतात. त्यामुळे वजन तीन-तीन-दोन असे पडते. ताल सरळ आठाचा, पण बँजोचा जोर आडवा पडत जातो. तबल्याची सवय असलेल्या कानाला यातली गंमत लगेच पकडता येईल. त्या अखंड प्रवाहात मूळ गाण्याची चाल नेमक्या जागी ठळक उमटते आणि बाकीचे स्वर तिच्याभोवती भरण म्हणून राहतात. स्क्रग्ज यांच्यानंतर पुष्कळांनी त्यांच्याहून जलद वाजवले, पण गाण्याचा शब्द न् शब्द ओळखू येईल अशा रीतीने चाल उमटवणे थोड्यांनाच जमले.

आणखी एक गोष्ट. १९५१ मध्ये ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ या धूनेत त्यांनी वाजवता वाजवता खुंटी पिळून दुसरी तार उतरवली आणि पुन्हा चढवली. त्यातून मींडेसारखा घसरता स्वर निघाला. तो दर वेळी कानाने नेमका साधणे अवघड, म्हणून त्यांनी खुंटाळीत ठरावीक जागी थांबणारी यांत्रिक खुंटी बसवून घेतली आणि १९५२ च्या ‘फ्लिंट हिल स्पेशल’मध्ये ती मनसोक्त वापरली. अशा खुंट्यांना आजही त्यांचेच नाव आहे आणि त्या बाजारात मिळतात.

प्रतिसाद : गुंजन

एक प्राथमिक प्रश्न विचारते. आपल्याकडे लग्नाच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत जो बेंजो वाजतो, त्याचा या वाद्याशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद : तंतुवाद्य

गुंजन, संबंध फक्त नावापुरता आहे. आपल्या मिरवणुकीतले वाद्य बुलबुलतरंगाच्या कुळातले असून ते जपानी ‘ताइशोगोतो’वरून आले; त्यात तारा बटणांनी दाबल्या जातात. अमेरिकी बँजो म्हणजे कातडे ताणलेल्या गोल कड्याला जोडलेली लांब मान. त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतली भोपळ्याची तंतुवाद्ये होत आणि गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी ते तिथे घडवले. ब्लूग्रास हे गोऱ्या डोंगरी लोकांचे संगीत म्हणून ओळखले जाते, पण त्याच्या केंद्रस्थानी असलेले वाद्य आफ्रिकी वंशाच्या लोकांचे आहे. खुद्द मनरो यांनीही आपल्यावर आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा प्रभाव असल्याचे आयुष्यभर सांगितले.

प्रतिसाद : षड्जपंचम

रेडिओवेडा, स्टॅन्ली बंधूंचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला पूरकच आहे असे मी मानतो. तीन वाद्यवृंद झाले, म्हणून तर प्रकार झाला. परंतु त्या तिघांतही फॉगी माउंटन बॉइजचे वेगळेपण असे की त्यांनी मनरो यांच्या संगीताची नक्कल केली नाही. मनरो यांचे मुख्य वाद्य मँडोलिन. या वाद्यवृंदात मँडोलिन असूनही ते जाणीवपूर्वक मागे ठेवले गेले. कर्ली सेक्लर वर्षानुवर्षे मँडोलिन घेऊन उभे राहिले, पण त्यांचे खरे काम वरच्या पट्टीत साथ गाण्याचे होते. गायनातही तोच फरक दिसतो. मनरो यांचा आवाज उंच, ताणलेला आणि एकाकी वाटणारा. फ्लॅट यांचा आवाज मधल्या पट्टीतला, मऊ, ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलणाऱ्या माणसासारखा. हा आवाज नसता तर स्क्रग्ज यांच्या बँजोचा वेग सामान्य श्रोत्याला इतका जवळचा वाटला असता, असे मला वाटत नाही.

फ्लॅट यांच्या गिटारबद्दल फार कमी बोलले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. गाण्याची ओळ संपली की खालच्या तारांवरून वर येणारी एक छोटी स्वरपंक्ती ते वाजवत आणि त्या पंक्तीने दोन कडव्यांमधली फट सांधली जाई. आज जगात कुठेही ब्लूग्रास वाजवणारा गिटारवादक ती पंक्ती वाजवतोच. ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’च्या मूळ मुद्रणात आणखी एक ऐकण्यासारखी जागा आहे. एका ठिकाणी स्क्रग्ज बँजोवर मायनर स्वरसमूह वाजवतात आणि त्याच क्षणी फ्लॅट गिटारवर त्याचा मेजर प्रकार धरतात. बँजोच्या जुळणीतला षड्ज आधार मानला तर एका वाद्यात षड्ज आणि दुसऱ्यात कोमल ऋषभ एकाच वेळी वाजतो. नियमाप्रमाणे हे खटकायला हवे. प्रत्यक्षात त्या घर्षणामुळेच धूनेला धार येते, आणि नंतरच्या सुबक मुद्रणांत ती धार मला तितकीशी सापडत नाही.

प्रतिसाद : हिशेबनीस

या चर्चेत अर्थकारणाची बाजू राहून गेली आहे. संगीत कितीही श्रेष्ठ असले तरी वाद्यवृंद एकवीस वर्षे चालवायचा तर पैसा कुठून येतो हे पाहावे लागते. फॉगी माउंटन बॉइजला तो पिठाच्या पिशव्यांतून मिळाला.

नॅशव्हिलमधल्या ‘मार्था व्हाइट’ या पीठ विकणाऱ्या कंपनीने १९५३ पासून त्यांना आश्रय दिला. पहाटे डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर त्यांचा छोटा कार्यक्रम होई. शेतकरी कुटुंबे उठून चुलीपाशी बसलेली असत त्याच वेळी या वाद्यवृंदाचे गाणे आणि पिठाची जाहिरात दोन्ही घरात येत. ऑप्रीमध्ये प्रवेश देण्यास मनरो यांचा विरोध होता, तरीही १९५५ मध्ये तो मिळाला, त्यामागे या कंपनीचेच वजन होते. दूरचित्रवाणी आल्यावर टेनेसी, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना, पश्चिम व्हर्जिनिया अशा राज्यांतल्या केंद्रांवर त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. तेव्हा चित्रफितीवर मुद्रण करून ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे दर आठवड्याला प्रत्येक गावी बसने स्वतः जाऊन थेट कार्यक्रम करावा लागे. कंपनीची जाहिरातधून इतकी लोकप्रिय झाली की मैफलीत श्रोते तिचीच फर्माईश करत.

या सगळ्याचा कारभार पाहत असत लुईस स्क्रग्ज, अर्ल यांच्या पत्नी. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून करार, तारखा, प्रवास, जाहिरात आणि वाटाघाटी त्यांनी स्वतःच्या हातात घेतल्या. कंट्री संगीताच्या व्यवसायात त्या काळी एका स्त्रीने असे काम करणे जवळजवळ अपूर्व होते. शहरातल्या महाविद्यालयीन तरुणांमध्ये लोकसंगीताची ओढ वाढत आहे हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले आणि वाद्यवृंदाला जत्रा व शाळांच्या सभागृहांतून विद्यापीठांकडे वळवले. ८ डिसेंबर १९६२ च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीकडे मी त्या धोरणाचे फळ म्हणूनच पाहतो. वाद्यवृंदाच्या नावात दोघांचीच नावे असली तरी त्याच्या कारकिर्दीचे श्रेय तिघांत वाटले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : गुंजन

हिशेबनीस, लुईस यांच्याबद्दल लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी त्यात एका प्रसंगाची भर घालते. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेचे निर्माते पॉल हेनिंग यांनी शीर्षकगीतासाठी विचारणा केली, तेव्हा लुईस यांनी आधी नकार दिला होता. डोंगरातल्या माणसांची टिंगल करणाऱ्या गोष्टींचा त्यांना वीट आला होता आणि ही मालिका त्यातलीच असेल अशी त्यांची शंका होती. हेनिंग यांनी पहिला भाग दाखवल्यानंतर त्या तयार झाल्या. मालिका सप्टेंबर १९६२ मध्ये सुरू झाली. पडद्यावर गाणे जेरी स्कॉगिन्स यांच्या आवाजात होते आणि वाद्ये फ्लॅट-स्क्रग्ज यांची. त्याच गाण्याची फ्लॅट यांनी गायलेली तबकडी १९६३ च्या आरंभी कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

मला यात एक पेच दिसतो. ज्या समाजाची प्रतिमा जपायची होती, त्याच समाजाला लोक पुढे कित्येक वर्षे या मालिकेतल्या भोळसट कुटुंबावरून ओळखू लागले, आणि बँजोचा आवाज आला की डोळ्यांसमोर अडाणी खेडूत उभा राहावा अशी सवय देशभर लागली. स्क्रग्ज यांनी बँजोला विनोदाच्या वेशातून बाहेर काढले होते. दूरचित्रवाणीने तो काही प्रमाणात पुन्हा त्यात ढकलला.

प्रतिसाद : रेडिओवेडा

गुंजन यांच्याशी सहमत आहे आणि चित्रपटाबाबतही असेच म्हणता येईल. १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’मध्ये दरोडेखोरांच्या पळापळीच्या प्रसंगांना ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’चे १९४९ चे मुद्रण वापरले गेले. चित्रपटाचा काळ १९३० च्या दशकातला, म्हणजे ही शैली जन्मालाही आली नव्हती तेव्हाचा. कालविसंगती असूनही परिणाम इतका जबरदस्त झाला की मूळ मुद्रण आणि कोलंबियासाठी नव्याने केलेले मुद्रण अशा दोन्ही तबकड्या १९६८ मध्ये एकाच वेळी खपत होत्या. धूनेला ग्रॅमीही मिळाले. पण त्यानंतर मोटारींचा पाठलाग म्हटला की बँजो, असा पायंडा चित्रपटवाल्यांनी पाडला आणि या वाद्यातले कारुण्य व भक्ती लोकांच्या ध्यानातून गेली. फ्लॅट-स्क्रग्ज यांनी चार आवाजांत, बँजो बाजूला ठेवून, स्क्रग्ज यांच्याच बोटांनी छेडलेल्या गिटारच्या साथीने जी धार्मिक गीते गायली आहेत, ती मला त्यांच्या वेगवान धूनांइतकीच मोलाची वाटतात.

प्रतिसाद : षड्जपंचम

प्रतिमेबद्दलचा आक्षेप मला पटतो. पण त्याच प्रसिद्धीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९५७ मध्ये माइक सीगर यांनी ‘फोकवेज’ कंपनीसाठी तीन बोटांच्या बँजोवादनाची एक दीर्घ तबकडी संकलित केली, तिच्या नावातच स्क्रग्ज शैलीचा उल्लेख होता. वादकाच्या हयातीत, वयाच्या तिशीतच, त्याच्या नावाने शैली ओळखली जाणे ही मोठी गोष्ट आहे. १९५९ मध्ये न्यूपोर्टच्या पहिल्या लोकसंगीत महोत्सवात स्क्रग्ज वाजवून आले. शहरी तरुण त्यांच्या तबकड्या निम्म्या गतीने फिरवून एकेक स्वर उतरवून घेऊ लागले. त्यांतल्याच बिल कीथ यांनी पुढे मनरो यांच्या वाद्यवृंदात बँजो वाजवला आणि स्क्रग्ज यांच्या १९६८ च्या शिक्षणपर पुस्तकासाठी धूनांचे लेखन करून दिले. पुढे ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदामुळे प्रसिद्ध झालेले जेरी गार्सिया यांनीही तारुण्यात याच शैलीचा बँजो आत्मसात केला होता. केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये शाळकरी वयात हा वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकून बँजोकडे वळलेले जे. डी. क्रो पुढच्या पिढीचे आधारस्तंभ झाले. आणि मार्था व्हाइटच्या पिठातल्या फुगवणाऱ्या घटकाचे जाहिरातीतले नाव ‘हॉट राइझ’ हे होते. कोलोरॅडोतल्या एका नामवंत ब्लूग्रास वाद्यवृंदाने १९७८ मध्ये तेच नाव घेतले.

प्रतिसाद : हिशेबनीस

शेवटच्या पर्वाबद्दल लिहितो, कारण त्यातूनच दोघांच्या स्वभावांतला फरक कळतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाने निर्मितीची जबाबदारी बॉब जॉन्स्टन यांच्याकडे दिली. ते गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या तबकड्यांचेही निर्माते होते, आणि फ्लॅट यांना डिलन यांची गाणी गावी लागू लागली. त्या शब्दांशी फ्लॅट यांचे मन जुळले नाही आणि ते मुद्रणात ऐकू येते. स्क्रग्ज यांची मुले मोठी झाली होती, त्यांच्यासोबत घरी नवे संगीत वाजत होते आणि त्यांना त्यात गोडी वाटत होती. १९६९ च्या आरंभी वाद्यवृंद मोडला.

फ्लॅट यांनी बहुतेक जुन्या सहकाऱ्यांना घेऊन ‘नॅशव्हिल ग्रास’ काढला आणि पिठाची कंपनीही त्यांच्याकडेच राहिली. १९७२ मध्ये त्यांनी मार्टी स्टुअर्ट या तेरा वर्षांच्या मुलाला आपल्या वाद्यवृंदात घेतले. तोच मुलगा पुढे कंट्री संगीतातला मोठा कलाकार झाला. स्क्रग्ज यांनी मुलांसह विजेची वाद्ये आणि ड्रम घेऊन ‘अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू’ उभा केला, आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या प्रचंड सभेत ते वाजवायला उभे राहिले. नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातल्या माणसाने त्या वर्षी असे करणे सोपे नव्हते आणि मला त्याबद्दल त्यांचा नितांत आदर वाटतो. १९७१ मध्ये इंडियानातल्या बीन ब्लॉसम महोत्सवात मनरो आणि फ्लॅट यांनी अखेर हस्तांदोलन केले. त्याच वर्षी ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या तरुणांच्या वाद्यवृंदाने जुन्या पिढीच्या कलाकारांना घेऊन नॅशव्हिलमध्ये मुद्रण केले, मनरो यांनी नकार दिला, स्क्रग्ज मात्र पुढे झाले आणि इतर बुजुर्गांना तयार करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. फ्लॅट १९७९ मध्ये वारले. १९८५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा समावेश एकत्रच झाला. स्क्रग्ज २०१२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी गेले.

प्रतिसाद : दूरदेशी

मी गेली बरीच वर्षे अमेरिकेत राहतो आणि इथल्या ब्लूग्रास महोत्सवांना आवर्जून जातो. या वाद्यवृंदाचा धागा आपल्याकडच्या संगीतापर्यंत कसा आला ते नोंदवतो, कारण हा दुवा खरा आहे.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या बेला फ्लेक यांनी लहानपणी ‘बेव्हर्ली हिलबिलीज’च्या शीर्षकगीतातला स्क्रग्ज यांचा बँजो ऐकला आणि त्या आवाजानेच त्यांना या वाद्याकडे ओढले, असे ते स्वतः सांगत आले आहेत. फ्लेक आणि बासवादक एडगर मायर यांनी मुंबईत जन्मलेले उस्ताद झाकिर हुसेन यांच्यासह २००९ मध्ये एक तबकडी काढली आणि २०२३ मध्ये बासरीवादक राकेश चौरसिया यांना सोबत घेऊन दुसरी. त्या दुसऱ्या तबकडीला २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाली. गुंजन यांनी मांडलेला पेच मला मान्य आहे, पण ती मालिका नसती तर कदाचित ही तबकडीही नसती.

दुसरा दुवा डोब्रोचा. मांडीवर आडवी किंवा पट्ट्याने गळ्यात आडवी अडकवून, पोलादी पट्टीने वाजवायची ही गिटार. जॉश ग्रेव्हज १९५५ मध्ये फॉगी माउंटन बॉइजमध्ये आले ते बास वाजवण्यासाठी, पण लवकरच त्यांच्या हाती डोब्रो आला. स्क्रग्ज यांच्या तीन बोटांच्या फेऱ्या त्यांनी या वाद्यावर बसवल्या आणि ब्लूग्रासला मनरो यांच्याकडे नसलेले एक वाद्य कायमचे मिळाले. ग्रेव्हज यांना लहानपणी ऐकून जेरी डग्लस डोब्रोकडे वळले, आणि त्याच डग्लस यांनी १९९० च्या दशकात पंडित विश्वमोहन भट्ट व एडगर मायर यांच्याबरोबर एक तबकडी मुद्रित केली. भट्ट यांची मोहनवीणा आणि डग्लस यांचा डोब्रो या दोन्ही वाद्यांचे मूळ हवाई बेटांवरच्या आडव्या गिटारवादनात आहे, त्यामुळे त्या दोघांना एकमेकांचे हात ओळखीचे वाटले असतील तर नवल नाही.

प्रतिसाद : गुंजन

दूरदेशी, हे सगळे नवीन कळले. आता एकच विनंती. ज्यांनी हा वाद्यवृंद अजून ऐकलेला नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी, हे कोणी सांगेल का?

प्रतिसाद : षड्जपंचम

गुंजन, माझ्या मते आधी मर्क्युरीसाठी केलेली १९४८ ते १९५० मधली मुद्रणे ऐकावीत. त्यांत कच्चेपणा आहे, पण दोघांचा उत्साह कुठेही लपत नाही. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली कोलंबियाची मुद्रणे घ्यावीत, ज्यांत ग्रेव्हज यांचा डोब्रो आणि पॉल वॉरन यांचे फिडल यांच्यामुळे वाद्यवृंद पूर्ण भरलेला वाटतो. कार्नेगी हॉलचे थेट मुद्रण तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, कारण त्यात श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकू येतो आणि फ्लॅट यांचे निवेदनही. त्या काळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या चित्रफिती मिळाल्या तर त्या अवश्य पाहाव्यात. एकाच ध्वनिक्षेपकाभोवती सगळे उभे असतात, ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून होताच बाजूला होतो आणि इतक्या दाटीत कोणाचेही वाद्य कोणाला लागत नाही. आवाजाचा तोल ते केवळ पावलांनी साधत असत. डिलन यांच्या गाण्यांची शेवटची मुद्रणे मात्र अगदी अखेरीस ऐकावीत, कारण आधीच्या वर्षांचा फ्लॅट यांचा आवाज कानात बसल्याशिवाय त्यांतला अवघडलेपणा जाणवणार नाही.